भिंतीवरचा खिळा

विराकच्या धक्क्यामागे, अबाकाच्या गोदामाला टेकून
पत्र्याची एक शेड, शेडमध्ये टेबल एकच.
त्याच्या चौथ्या पायाखाली नारळाची करवंटी.
मी अकरा वर्षांची. खडू विकायचे, बर्फ विकायचे,
आणि फळीवर गुण मांडायचे,
कारण माझे आकडे पोरांपेक्षा सुबक.

तियो युफ्रोनियो दुपारी तीनला यायचे.
आयुष्यभर नाकासमोर चाललेला माणूस,
टेबलावर मात्र एकदाही सरळ गेला नाही.
नवाचा चेंडू दुसऱ्याच्या आड दडला
की पोरं चुकचुकायची;
यांचा चेहरा तेव्हा कुठे उजळायचा.

"मध्य काढ," म्हणायचे.
पांढऱ्यापासून नवापर्यंतच्या वाटेचा मध्य.
तिथून समोरच्या कोपऱ्याकडे क्यू धर,
आणि ती रेघ तशीच उचल, वाकू न देता,
झोपलेलं मूल चटईसकट उचलतात तशी,
आणून ठेव पांढऱ्यावर.
दोन कडा घेऊन पोचेल.

तीन कडांना आकडेमोड.
लाकडात शिंपल्याचे हिरे जडवलेले,
त्यांतले चार कधीच गळून गेलेले,
तिथे यांनी मेणबत्तीचं मेण भरलेलं.
"पन्नासातून वीस गेले?"
तीस.
"मग तिसाच्या हिऱ्यावर मार. आणि लाकडाकडे बघ, रबराकडे नको.
चेंडू लागतो रबराला. नेम लाकडात असतो."
हातच्याची वजाबाकी मला शाळेत आली नव्हती,
इथे आली.

स्वतः मात्र ते हिरे मोजत नसत.
त्यांच्याकडे खिळा होता.
टेबलापलीकडच्या भिंतीवर, बर्फाच्या पेटीच्या वर वीतभर,
त्यावर एका जहाज कंपनीचं कॅलेंडर,
जूनवर थांबलेलं, साल दोन हजार सहा.
पांढरा डाव्या बाजूला कुठेही असो,
थोडी उजवी फिरकी, नेम खिळ्यावर,
की तीन कडा फिरून
दारालगतच्या खिशाशी बसलेल्या नवाला जाऊन भिडायचा.
का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

कॅलेंडर त्यांच्या रोहेलियोने पाठवलेलं, कुठल्याशा बंदरातून.
त्या जूननंतर रोहेलियोचं काहीच आलं नाही.
हे मला आईने सांगितलं,
आईला मासेवालीने,
मासेवालीला तियोंच्या बहिणीने.
तियो माझ्यासमोर रोज दोन तास उभे असायचे.

मग ते तुफान आलं.
टेबल राहिलं, दगडाची पाटी वाऱ्याला जड गेली.
भिंत गेली. खिळा, कॅलेंडर.
बर्फाची पेटी तीन दिवसांनी भातखाचरात सापडली,
आत एक बेडूक, मजेत.
भिंतीच्या जागी आता समुद्र, आणि मध्ये
कुणाची तरी उलटी पडलेली होडी.

चौथ्या दिवशी, तीन वाजता, तियो आले.
तळहाताने कापड दाबून पाहिलं, बोटं ओली झाली.
"आखूड येईल," म्हणाले. "अर्धा हिरा तरी."
करवंटी शोधून पायाखाली सारली.
नऊ नंबर दारालगतच्या खिशाशी मांडला,
दार नव्हतं, पण खिसा तोच.
वाकले.

पोरं हसली नाहीत, पण एकाने विचारलंच,
"तियो, नेम कशावर धरताय?"

ते होडीकडे बघत नव्हते. पाण्याकडेही नाही.
डोळे पुढे कुठेतरी, बर्फाच्या पेटीच्या वर
वीतभर हवेत टेकलेले.

पहिली कड. दुसरी. तिसरीवर चेंडू जरा रेंगाळला,
ओल्या कापडातून बारीक फवारा उडवत निघाला
आणि नवाला बोटभर चुकवून गेला.

मी फळीकडे हात नेला. फळी नव्हती.

"खिळा एवढा उजवीकडे नव्हता," तियो म्हणाले,
क्यूच्या टोकाला खडू लावला,
पांढरा उचलला
आणि होता तिथेच पुन्हा ठेवला.