दुसरं वळण

जिनिंगच्या मागच्या आवारात
ठिबकच्या जुन्या नळ्या वाकवून ट्रॅक आखलाय.
गाड्या सात. चालू पाच.

दमयंती शॉक उघडून बसलीय.
"उनात तेल पातय होते बे,
मंग उडीनंतर पोट घासते."
दाट तेल ओतते थेंब-थेंब,
बुडबुडे वर यायची वाट बघते.
आम्हीही बघतो.

माझ्या पिनियनचे दात काल गेले,
म्हणून मी दुसऱ्या वळणावर उभा,
उलटलेल्यांना सरळ करायला.

इर्शादची येते, चढावर जास्तच जोरात.
उताणी पडते. चाकं हवेत,
अजून ट्रॅकवरच असल्यासारखी फिरतात.

उचलतो. मोटार चटका देते.
गिअरपाशी एक सरकी अडकलेली,
ती नखानं काढतो.

"सोड नं लेका, काऊन पाहून राह्यला!"

सोडतो.
गाडी जाते, धूळ खाली बसते,
सरकी माझ्या मुठीत,
गरम.