प्रश्न चौदावा

सप्टेंबरात वेंडेल स्कोगस्टाडनं
चौदाव्या प्रश्नापुढे पाचावर गोल केला होता,
पेन कागदात रुतेल असा.
'परदेशी सहकाऱ्यांबरोबर मी सहज काम करू शकतो.'
पाच म्हणजे पूर्ण सहमत.
यांत्रिकीचं शेवटचं वर्ष. डुलुथबाहेर पाहिलेलं जग म्हणजे
पुलापलीकडचं विस्कॉन्सिन.

आता एप्रिल. सरोवराचा बर्फ फुटतोय,
माझ्या टेबलावर तेच प्रश्न, तीच मुलं, दुसरी फेरी.
वेंडेल : दोन.
संगणक भिडस्त नाही.
लाल अक्षरांत सांगतो : घसरण, उणे तीन.

मी त्याची फाइल उघडते.
दा नांगच्या मत्स्यतळ्यासाठी एक पंप.
दर मंगळवारी रात्री हा पडद्यासमोर,
तिकडे बुधवारची सकाळ आणि खुयेन नावाची मुलगी.
त्याच्या प्रत्येक वाक्याला ती 'हो' म्हणायची.
तिचं 'हो' म्हणजे 'ऐकतेय'.
यानं वहीत लिहिलं : पटलं.

फेब्रुवारीत खोकं आलं.
आत पोलादी कडी, सुबक, घासूनपुसून,
आणि एकही भोक जागेवर नाही.
आकड्यांपुढे 'इंच' लिहायचं त्याला सुचलंच नव्हतं;
इंच काय, सगळ्यांनाच ठाऊक असतो.
तळाशी चिठ्ठी, नीटस अक्षरात :
'विचारायचं होतं. तुम्ही बोलताना थांबत नाही.'

मार्चच्या चित्रफितीत
तो एक प्रश्न विचारतो आणि गप्प बसतो.
मी मोजलं. नऊ सेकंद.
कान लाल, बोटं टेबलाखाली,
पण तोंड मिटलेलं.
मग ती बोलू लागते.
बराच वेळ बोलते. मध्ये एकदा हसतेसुद्धा.

नऊ सेकंदांना माझ्या प्रश्नावलीत रकाना नाही.
डीनना शुक्रवारपर्यंत वर चढणारा बाण हवाय.
प्रश्न तपासून पाहायला म्हणून मीही सप्टेंबरात
एक अर्ज भरला होता. तो शोधून काढते.
चौदा : पाच.
गोल अगदी रेखीव.

बंदरात भोंगा होतो.
लोहखनिज न्यायला आलेलं वर्षातलं पहिलं जहाज.
उचलपूल सावकाश वर जातो,
दोन्ही तीरांवर गाड्या थांबतात,
कुणी हॉर्न वाजवत नाही.
मी लाल अक्षरं तशीच ठेवते,
आणि खोडरबर शोधू लागते,
माझ्या पाचासाठी.