बिल्ला क्रमांक चौदा

रोदेझच्या कोर्टात दाराशी माझी खुर्ची.
समोर प्लास्टिकचा करडा ट्रे.
"खिशात धातूचं काही?" मी विचारते,
आणि ओब्राकच्या पठारावरून उतरून आलेली म्हातारी माणसं
आधी किल्ल्या ठेवतात, मग सुटे पैसे,
मग जरा थांबतात,
डॉक्टरांपुढे शेवटचं वस्त्र उतरवताना थांबावं तशी,
आणि मग चाकू.

चाकू माझ्या खणात, बिल्ला त्यांच्या हातात.
सतरा वर्षं झाली.
चेहरे विसरते मी. चाकू नाही विसरत.
कालमेल्सचा: मूठ बैलाच्या शिंगाची, अंगठ्याखाली खोलगट,
पातं निसण्यावर झिजून झिजून
गवताच्या पात्याएवढं उरलेलं.
सेलेस्तीनबाईंचा लाकडी, स्वस्तातला,
पावसाळी हवेत मूठ फुगून बसते
आणि टेबलाच्या कडेवर दोनदा ठोकल्याशिवाय
तोंड उघडत नाही (बाईंचंही तसंच).
दुपारी खण ओढला की वास येतो
सॉसेजच्या चरबीचा, चीजच्या सालीचा,
कुणाच्या तरी सफरचंदाचा.

एक दातांचे डॉक्टर येतात घटस्फोटाच्या तारखांना.
फोनवर दाखवतात आपला संग्रह:
दोनशे चाकू, काचेआड, निळ्या मखमलीवर.
एकानेही कधी पाव पाहिलेला नाही.
माझा संग्रह सकाळी नऊला भरतो,
पाचला रिकामा होतो.

फेब्रुवारीत आमांस वेसाद आला, पुतण्याच्या दंडाला धरून.
प्रकरण: स्वतःचे व्यवहार
त्याचे त्याला झेपतात की नाही.
चाकू उघडून पाहिला मी, मिटला. खट्.
दचकला म्हातारा.
"आपटू नका. धार कमानीवर आदळते.
बोट आड धरायचं, असं,
झोपलेल्या पोरावर दार लावताना धरतो तसं."
मग पाठीकडचा टोच्या उघडून दाखवला:
"ओलं गवत खाऊन गाई फुगल्या होत्या, एका रात्री तीन.
डावी कूस, शेवटच्या बरगडीमागे चार बोटं."
आणि ती चार बोटं
त्यानं स्वतःच्याच कोटावर मोजली.
"आमच्या घरी मी चाकू मिटला की जेवण संपायचं.
पोरं घास तसाच गिळून उठायची.
चुकलंच ते."
मागे रांग वाढत होती.
मी बिल्ला दिला. चौदा.

वीस मिनिटांत निकाल.
बाजूच्या दारानं नेलं त्याला, गाडी तिकडे उभी होती म्हणून.
पुतण्या एकटाच आला हातमोजे घ्यायला.
चाकू? मी विचारलं.
"तिथे चालत नाही. तिथे कापून देतात."
बिल्ला म्हाताऱ्याच्या मुठीतच राहिला असावा.

तीस दिवस ठेवायचा, मग भंगाराच्या पेटीत, असा नियम.
तिसाव्या दिवशी वहीत लिहिलं:
मालक आला, घेऊन गेला.
सतरा वर्षांत एवढं एकच खोटं,
तेही सुवाच्य अक्षरात.
खणात त्याच्या जागी पाच सेंटचं नाणं ठेवलं,
कारण आमच्याकडे चाकू फुकट घेतला
तर तो आधी नातं कापतो.
नातं कसलं ते विचारू नका.

आता दुपारी मागच्या खोलीत
पावाच्या पाठीवर टोकानं क्रूस ओढते, आई ओढायची तसा,
आणि कापते. कडक कवचातून पातं असं जातं
की हाताला कळतच नाही.
पाव संपतो, चीज संपतं,
बोटांना चिकटलेला चुराही संपतो.
पातं पुसून ठेवते, मिटत नाही.

कारकून डोकावतो: "झालं का जेवण?"
नाही, म्हणते मी.
अजून नाही.