घर ओढून नेलं त्या दिवशी

घर ओढून नेलं त्या दिवशी
खुंटीवरचा कप हलत होता,
निळ्या काठाचा, एनॅमलचा.
एकदाच भिंतीवर आपटला – टण्ण –
मग आईनं तो हातात धरून ठेवला
पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत.
हे मला लख्ख आठवतं.

न्यूफाउंडलंडच्या नकाशात आता
मर्सर्स कोव्हच्या जागी काही नाही.
तेव्हा सत्तावीस घरं होती, एक चर्च,
आणि कॉड वाळत घालायचे मांडव.
वारा फिरला की सगळ्या गावाच्या अंगाला
एकाच माशाचा वास.
मग सरकारचा माणूस आला.
ओला कोट, कोरडे कागद.
म्हणाला, तिकडे रस्ता आहे, शाळा आहे, डॉक्टर आहे.
खोटं नव्हतं काही.
वडिलांनी सही केली
आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी बोलले ते एवढंच:
घर घेऊन जायचं.

जोत्यावरून उचललं, ओंडक्यांवरून घसरवलं,
पोटाखाली रिकामी पिंपं बांधली,
आणि भरती टिपेला आली तेव्हा
चार मोटारबोटींनी दोर ताणले.
विंचू निदान पाठीवर नेतो बिऱ्हाड;
आमचं बिऱ्हाड आम्हालाच पोटात घेऊन निघालं.
शेगडीत विस्तव होता म्हणतात.
धुराड्यातून धूर निघत होता;
लांबून कुणाला वाटलं असेल, आगबोटच.
थडगी तेवढी मागे राहिली.
त्यांना पिंपं बांधता येईनात.

नव्या गावात घर उलटं बसलं.
स्वयंपाकघराची समुद्राकडची खिडकी
आता इलाय पेनीच्या लाकडांच्या खोपीकडे.
आई तरी रोज सकाळी तिथूनच बाहेर बघायची
आणि सांगायची, आज दुपारनंतर धुकं.
खोपीकडे बघून!
धुकं यायचं.

शाळेत आम्हाला ‘तरंगे’ म्हणायचे.
त्यावरून मी एकाचा दात पाडलाय.
आता माझ्या बोटीच्या नाकावर तेच नाव आहे,
मीच रंगवलेलं.

गेल्या हिवाळ्यात, आईला पुरून आल्यावर,
मी कपाची गोष्ट काढली.
ड्रुसिला, थोरली, चहा ढवळायची थांबली.
“लिअँडर, तू कुठं होतास तेव्हा?
तू झालास त्यानंतर चार महिन्यांनी.
कप मी धरला होता.
आई पडून होती बाजेवर, बादली उशाशी.”

मी बोटांवर महिने मोजले.
परत मोजले.
तिचं बरोबर होतं.

रात्री उशिरापर्यंत छताकडे बघत राहिलो.
त्याच छताकडे.
पाण्यात घर, घरात आई,
आईत पाणी, पाण्यात मी.
तो टण्ण मी ऐकला असेन, नसेन.
पण कपाच्या काठाला टवका आहे
आणि माझा अंगठा न बघता त्यावर जातो.
ड्रुसिलाचा जात नाही.
ती चिनीमातीतून पिते.

यंदा ऑगस्टात नातीला घेऊन
मर्सर्स कोव्हला उतरलो.
जोत्याचे दगड अजून आहेत, चौकोनात;
आत गवत जरा जास्तच हिरवं.
इथं मी आयुष्यात कधी राहिलो नाही.
डोळे मिटले.
सात पावलांवर शेगडी,
डावीकडे चार, जिन्याची पहिली पायरी,
तीच, जी करकरते.
मी तिच्यावर बसलो. म्हणजे गवतात.

इतक्यात ब्रिन पळत आली, मूठभर ब्लूबेरी घेऊन,
सरळ पश्चिमेकडून.
“अगं, भिंतीतून काय येतेस!”
माझ्या तोंडून निघालं,
आवाज मात्र आईचा.

ती थबकली. वाटलं, हसेल.
पण मागं वळली,
दगडांना वळसा घालून दाराशी गेली,
गवतावर बूट पुसले
आणि विचारलं,
कडी कुठल्या बाजूला?