तुडूम

केसपेपरच्या मागल्या बाजूला मी दोन रेघा काढल्या.
कपाळामागून वर चढणाऱ्या दोन धमन्या असतात, म्हटलं,
डाव्या मेंदूला एक, उजव्याला एक.
मग त्यातली एक खोडली.
भागरताबाईंना ही एकच आहे. जन्मापासून.
कुणाला कळायचं काही कारणच नव्हतं.
आणि वर जाऊन ती जिथे फाकते, त्या बेचक्यात
हा फुगा. आठ मिलिमीटर.
गेल्या मंगळवारी एकदा पाझरलेला.

दसरूजी पुस्तोडे वाकून बघत राहिले.
साकोलीकडचे. चाळीस वर्षं तलावाचे पाणकर.
रेघेला न शिवता, वरून हवेतच बोट फिरवत म्हणाले,
"एका तुडुमावर दोन्ही अंगच्या बांध्या."
मला शब्द कळला नाही. त्यांनीच सांगितलं:
पाळीच्या पोटातलं दगडी दार,
पायरी-पायरीला भोक,
भोकात लाकडाची गुडदी.

"फुगा बांधाचा त पाणी थांबवाच लागन."
लागेल, म्हटलं. थोडा वेळ.
"कितीक?"

वाचेल का, विचारतात लोक. खर्च किती.
केस सगळे काढणार का.
हा प्रश्न परीक्षेनंतर
मला कुणी विचारला नव्हता.
"तीन मिनिटं. फार तर चार. मग सोडायचं. मग पुन्हा."
"धानाले समजते," ते म्हणाले,
"शेवटच्या बांधीले आधी समजते."

मायक्रोस्कोपखाली फुगा लालसर दिसला,
पापुद्र्याआड रक्त गरगरत होतं,
दोन्ही फांद्या त्याच्या मानेला चिकटून.
तात्पुरती क्लिप लावली.
भूल देणाऱ्या गजबेमॅडम मोठ्यानं मोजत होत्या.
एक.
दोन. मान सुटेना.
तीन.
अजून अर्धं मिनिट मागता आलं असतं.
शेवटची बांधी, असं काहीतरी डोक्यात आलं
आणि क्लिप काढली.
मग नुसतं थांबणं. हात मांडीवर. एसीचा आवाज.
दुसऱ्या खेपेला बसली: वाकडी,
कुठल्याच पुस्तकातल्या चित्रात नसते तशा कोनात.
डॉप्लर टेकवला. डावीकडे सूंऽ.
उजवीकडेही.

पाय दोन्ही हलले.
पण बाई बोलेनात.
अकरा दिवस डोळे उघडे, छताकडे;
विचारलं तर हो नाही, नाही नाही.
मी स्कॅन लावून बसायची, काळा डाग शोधत.
दसरूजी खाटेशी टेकून तिला रोज
पाण्याच्या पाळ्या सांगायचे,
"आज हातझाडेची. उद्या टोल्यावरच्याइची."
मी एकदा म्हटलं, ऐकू जात असेल.
ते म्हणाले, "जाऊ द्या, न जाऊ द्या. पाळी त सांगाच लागते."

बाराव्या दुपारी, सिस्टर ताटात वरण ओतत असताना,
ती म्हणाली, "कोंबड्या कोणी कोंडल्या?"
कुणीच कोंडल्या नव्हत्या.
दसरूजींना उत्तर सुचेना.

डिस्चार्जच्या वेळी फाइलीत एक कागद कमी भरला.
मी बोलले नाही.
त्यांच्या काखेतल्या पाळ्यांच्या वहीतून
कोपरा बाहेर आला होता,
त्यावर माझी खोडलेली रेघ.