अज्ञात प्रकाशक

मकरपुऱ्याच्या वजनकाट्यावर
जसुभाई माझा प्रोग्राम उघडतात
तेव्हा पडदा आधी त्यांना सावध करतो:
अज्ञात प्रकाशक. तरीही चालवायचं?
जसुभाई मला बारा वर्षं ओळखतात.
बाबांच्या तेराव्याला येऊन गेलेत.
ते 'होय' दाबतात,
नाकावरची माशी हाकलावी तसं.

ओळख पटवणारं प्रमाणपत्र विकत मिळतं,
दरसाल, डॉलरात.
मी हिशेब मांडला: त्यासाठी
माझा 'तोल' आणखी सात काट्यांवर बसायला हवा.
बसलाय की.
चौघांनी पैसे दिले,
पुढच्या सातांकडे तो पेनड्राइव्हमधून चालत गेला,
कुणाच्या भाच्याच्या, कुणाच्या मेहुण्याच्या खिशातून.
फोन मात्र मलाच येतो:
"खानविलकरबेन, पावती वाकडी निघते."
प्रत कुठली, हे मी विचारत नाही.
विचारते, प्रिंटर कुठला.

पुण्याहून अन्वय सांगतो,
आत्या, एकेका मशीनसाठी कोण लिहितं आता?
ब्राउझरमध्ये टाक, सगळीकडे चालेल.
चालेल रे.
पण काट्यावर भंगाराचा ट्रक चढलेला असतो,
मागे सहा उभे असतात,
आणि नेट गेलेलं असतं.
मशीन दोन जीबीचं, पंख्यात सिमेंटची धूळ,
कळफलकावरचा सात पुसलेला.
त्याच्याशी त्याच्याच बोलीत बोलावं लागतं,
वायरीच्या तोंडाला कान लावून
काट्याचे आकडे टिपावे लागतात
एकेक बाइट.

सगळा पसारा पाच एमबीचा.
त्यातल्या एका बटणापायी
माझा अख्खा श्रावण गेला,
कारण नव्या विंडोजनं त्याची सावली बदलली
आणि ते दोन ठिपके खाली बसल्यासारखं दिसू लागलं.
कुणाच्या लक्षात आलं नसतं.
माझ्या आलं होतं.

मग मे महिन्यात रणोलीहून तक्रार:
दुपारी वजन चाळीस-चाळीस किलोंच्या उड्या मारतं.
घरी मारेना.
घरी माझ्याकडे ट्रक नाही,
ट्रकचं सोंग घेणारा दुसरा प्रोग्राम आहे,
शहाणा, एका जागी उभा राहणारा,
त्याचा ड्रायव्हर विडी ओढायला उतरत नाही.
तीन रात्री मी माझ्याच ओळी
चोरांसारख्या भिंतीला उभ्या केल्या.
चौथ्या दिवशी स्कूटर काढली,
छाणी ओलांडून गेले.
केबिनमध्ये कूलर होता.
कूलरची वायर आणि काट्याची वायर
एकाच खिळ्याला, एकमेकींत गुंतून,
जावा-जावांसारख्या कुजबुजत होत्या.
कूलर बंद केला. वजन गप्प.
मी काहीच दुरुस्त केलं नव्हतं,
तर बिल कशाचं लावणार?
ताक प्याले, परत आले.

त्याच शनिवारी जसुभाईंकडे
नवी आवृत्ती बसवली.
तपासायला गाडी हवी, आणि एकही येईना.
"बेन, तमे ज चढी जाव."
चढले, स्कूटरसकट.
एकशे सत्तर. काटा दहाच्याच पटीत बोलतो.
स्कूटर तिथेच ठेवून मी उतरले.
एकशे दहा.
'तोल'नं वजाबाकी केली,
एवढ्या वर्षांत ती एकदाही चुकलेली नाही.
निव्वळ वजन साठ किलो.

पार्टी: खानविलकरबेन.
गाडी: माझाच नंबर.
माल:
हा रकाना मीच सक्तीचा केलेला,
भरल्याशिवाय पावती निघत नाही.
जसुभाईंनी तिथे टिंब दिलं.
"काय हो हे?"
"सगळे टिंबच देतात, बेन. पहिल्यापासून."

पावती निघाली, थोडी वाकडी.
मागून टेम्पोनं हॉर्न दिला.
स्कूटर काट्यावरच राहिली होती.