एप्रिल आणि ऑक्टोबर

मी आजारांना आकडे लावते.
गॅरी, इंडियाना. इस्पितळाच्या तळघरात,
जिथे बॉयलरची धग भिंतीतून येते
आणि खिडकी नाही.
प्रत्येक दुखण्याला त्याचा आकडा,
आकड्यामागून बिल,
गाडीमागून धूळ जावी तसं.

वर्नेल टिबेट्स, वय एकसष्ट.
जानेवारीत चार वेळा. फेब्रुवारीत तीन.
जुलैत पाच, ऑगस्टात सहा;
त्यातल्या एकाच खेपेचे चौतीस हजार डॉलर.
साखर पाचशेच्या वर, आणि दर वेळी तोच शेरा:
रुग्ण औषध नीट घेत नाही.
त्यालाही आकडा आहे. मी लावला. अठरा वेळा.

एप्रिल कोरा. ऑक्टोबर कोरा.
मागची वर्षं चाळली, तेच.
म्हणजे हा माणूस वर्षातले दोन महिने
शहाण्यासारखा वागतो?

नियमात बसत नव्हतं, तरी रविवारी गेले,
ब्रॉडवेच्या पुढे, जिथे बस आता वळत नाही.
घरात दिवा नाही.
खिडकीबाहेरच्या कडेवर, लोण्याच्या रिकाम्या डब्यात,
इन्सुलिन.
"हा माझा फ्रीज," तो म्हणाला. "देवाचा. फुकट."
जानेवारीत गोठतो, जुलैत उकळतो.
मधे दोनदा देवाला नेमकी थंडी जमते.

वीज का कापली?
भाच्याच्या जामिनाला पैसे गेले, म्हणाला.
मग थांबला. "आणि लॉटरी. खोटं कशाला बोलू."
टेबलावर जुन्या तिकिटांचा गठ्ठा, रबर बँड लावून,
जणू उशिरा का होईना लागतील.
शेजारी माझ्याच ब्रँडच्या सिगारेटी.
आम्ही एकेक ओढली.
माझ्या पर्समध्ये रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी होती,
तिच्यात अजून मंगळवार होता, बुधवारही.

सोमवारी शोधून काढलं:
गरिबीला आकडा आहे. एकटं राहण्यालाही.
झेडपासून सुरू होतात. सहसा कुणी लावत नाही,
त्यांच्यामागून एक सेंटही येत नाही.
मी दोन्ही लावले.
संगणकाने विचारलं, नक्की?

जुना फ्रीज नव्वद डॉलरला मिळतो, चौकशी केली.
पण प्लग कुठे खुपसायचा?
वीज कंपनीला तीन फोन झाले,
तिन्ही वेळा तेच संगीत ऐकलं.

आज तीस ऑक्टोबर.
तळघरातून आभाळ दिसत नाही,
बाहेर किती गारठलंय ते मी
खाली येणाऱ्यांच्या कपड्यांवरून ओळखते.
सकाळी स्वेटर होते.
आत्ता कुणीतरी हातमोजे काढत आलं.